शंभरातले अठरा : जिल्हा परिषद शाळेचा पट आणि बाबासाहेबांचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यात शाळेचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. पहिले, "झेडपीच्या शाळेत आता राहिलंच कोण?" दुसरे, "पटच नाही, तर शाळा ठेवायची कशाला?" बोलणारे कधी गावपुढारी असतात, कधी अधिकारी, तर कधी जिल्हा परिषदेचा पगार घेऊन स्वतःचे मूल तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये धाडणारे गुरुजी. पण पहिल्या वाक्यातल्या 'कोण'चे उत्तर द्यायचे झाले, तर ते जाती-जमातींची नावे घेऊनच द्यावे लागते. राहिली ती बौद्धपुऱ्यातली आणि मातंगवस्तीतली पोरे, कोलामांच्या पोडावरची, गोंड-आंधांची, बंजारा तांड्यावरची, पारध्यांच्या बेड्यावरची. म्हणजे ज्यांच्यासाठी शाळेचे दार सर्वांत शेवटी उघडले, ती. आणि दुसरे वाक्य सांगते की ते दार सर्वांत आधी बंद करायचे, तेही यांच्याच तोंडावर.

पट, हजेरी, गळती, निकाल हे सगळे आकडे आहेत. आकडा स्वतः काही बोलत नाही. तो कोणाच्या विरोधात वाचायचा हे वाचणारा ठरवतो. एकच आकडा सरकारला जाब विचारण्यासाठी वाचता येतो आणि तोच आकडा गरिबाच्या पोराची शाळा बंद करण्यासाठीही वाचता येतो. हे आम्ही हवेत बोलत नाही. या देशात शंभर वर्षांपूर्वी नेमके असेच घडले आहे, आणि त्यातला पहिला वाचक होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आज यवतमाळच्या शाळांचे आकडे समजून घ्यायचे असतील, तर आधी तो इतिहास नीट समजून घ्यावा लागेल.

दार उघडे, पोर बाहेर

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर इंग्रज सरकारने सामान्य जनतेच्या शिक्षणाची जबाबदारी कागदावर मान्य केली. दोनच वर्षांत तिची परीक्षा झाली. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. प्रकरण मुंबई सरकारपासून थेट विलायतेत कंपनीच्या संचालकांपर्यंत गेले. १८५८ मध्ये मुंबई सरकारने धोरण जाहीर केले की पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या राहतील. पण जिथे स्थानिक लोकांची वर्गणी लागली आहे आणि त्यांचा विरोध आहे, तिथे खालच्या जातीची मुले घुसवण्याचा सरकारचा विचार नाही. याचा अर्थ, तत्त्व सर्वांसाठी आणि व्यवहार गावातल्या पैसेवाल्यांच्या मर्जीवर.

ही पळवाट किती मोठी होती हे जोतीराव फुल्यांनी ओळखले होते. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढणारे आणि पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा चालवणारे जोतीराव १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर गेले. शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यातून तिजोरी भरते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या जाती घेतात, असा त्यांच्या निवेदनाचा रोख होता. बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी त्यांनी तेव्हाच केली. आयोगाने काय केले? जातीच्या कारणावरून सरकारी शाळेत कोणाला प्रवेश नाकारू नये हे तत्त्व पुन्हा उच्चारले, आणि ते जपून अमलात आणा असेही सुचवले. ते 'जपून' आमच्या आजे-पणज्यांना फार महागात पडले.

आपला यवतमाळ तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, हे तरुण वाचकांनी ध्यानात ठेवावे. वऱ्हाड निजामाचा, १८५३ पासून तो इंग्रजांच्या ताब्यात. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. आजचा जिल्हा तेव्हा 'वणी' नावाने ओळखला जाई; १९०५ मध्ये त्याचे नाव यवतमाळ झाले. या मुलखाकडे इंग्रजांचे लक्ष होते ते कापसासाठी. मूर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंत छोटी रेल्वे आली, वणी-यवतमाळला जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले. कापूस गावातून विलायतेला पोचवण्याची सोय झाली. पण तो वेचणाऱ्या बाईचे पोर गावातल्या शाळेपर्यंत पोचवण्याची घाई कोणालाच नव्हती.

म्हणून विदर्भात आपल्या माणसांनी सरकारची वाट पाहिली नाही. किसन फागूजी बनसोडे यांनी १९०७ मध्ये नागपुरात मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली. जाईबाई चौधरींनी त्याच शहरात आपल्या मुलींच्या शिक्षणाला आयुष्य वाहिले. तिकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून सगळी मुले एकाच शाळेत बसवली. वेगळी शाळा मोडून एकत्र बसवणे हा शाहूंचा निर्णय होता. आज आमची पोरे पुन्हा वेगळ्याच शाळेत बसली आहेत. फरक इतकाच की या वेळी उठून गेले ते बाकीचे.

१२ मार्च १९२७

आता मूळ मुद्द्यावर येऊ. १२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावण्याच्या बरोबर आठ दिवस आधी, बाबासाहेब मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. महाड सगळ्यांना पाठ आहे. हे भाषण मात्र फार थोड्यांनी वाचले आहे. ते संपूर्ण भाषण आकड्यांचे आहे.

त्यांनी सांगितले की प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या दर १०० मुलांपैकी फक्त १८ चौथ्या इयत्तेपर्यंत पोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. प्राथमिक शिक्षणाचा हेतूच असा आहे की शाळेत आलेले मूल साक्षर होऊन बाहेर पडावे आणि जन्मभर साक्षर राहावे. तो हेतू साधत नसेल तर दोष कोणाचा? त्यांनी तो मुलांच्या माथी मारला नाही. सरकारच्या खर्चाचा हिशेब मांडला. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करते. जेवढे लोकांकडून दारूपोटी घेता, तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती.

मग ते दुसऱ्या आकड्याकडे वळले. सरकारने शिक्षणाच्या कामासाठी लोकसंख्येचे चार भाग पाडले होते. पुढारलेले हिंदू, मधल्या जाती, मागासलेले आणि मुसलमान. 'मागासलेले' यांत कोण होते? अस्पृश्य, डोंगरी जमाती आणि ज्यांच्यावर 'गुन्हेगार' असा शिक्का मारला होता त्या जमाती. आजच्या यवतमाळच्या जिल्हा परिषद शाळेचा पट डोळ्यांपुढे आणा. तोच वर्ग, तीच मुले. बाबासाहेबांनी प्रत्येक वर्गाच्या दर हजार लोकसंख्येमागे प्राथमिक शाळेत किती मुले आहेत ते सांगितले. पुढारलेले हिंदू ११९, मुसलमान ९२, मधल्या जाती ३८, मागासलेले १८.

यातली पद्धत समजून घ्या, कारण आपल्याला हवी आहे ती पद्धत. 'मागासलेल्यांची किती मुले शाळेत आहेत?' एवढेच विचारले असते तर सरकारने एखादा फुगीर आकडा तोंडावर फेकला असता. त्यांनी दर हजारी प्रमाण काढले. त्यामुळे उघडे पडले की जो वर्ग लोकसंख्येत दुसऱ्या क्रमांकावर आहे, तो शिक्षणात शेवटी आहे. पोरे शिकत नाहीत, असे तो तक्ता म्हणत नव्हता. या पोरांना शिक्षणाचा त्यांचा वाटा मिळालेला नाही, असे तो म्हणत होता. बोट मुलाकडून वळून सरकारकडे गेले. पुढच्याच वर्षी, मे १९२८ मध्ये, बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी धारवाडपासूनचा सगळा इतिहास याच रीतीने मांडला.

तोच आकडा, उलटा निष्कर्ष

सायमन कमिशनने शिक्षणासाठी सर फिलिप हार्टोग यांच्या अध्यक्षतेखाली एक सहायक समिती नेमली होती. तिचा अहवाल १९२९ मध्ये आला. त्या समितीपुढेही जवळजवळ तोच आकडा होता. पहिलीतली बहुसंख्य मुले चौथीपर्यंत पोचतच नाहीत. समितीने याला 'अपव्यय आणि कुंठितता' असे नाव दिले. आज शिक्षणशास्त्राच्या पदविकेला बसणारा प्रत्येक विद्यार्थी हे शब्द पाठ करतो. पण त्यातून निघालेला निष्कर्ष कोणाला भोवला, ते त्याला कोणी सांगत नाही.

निष्कर्ष असा होता की शाळा फार वेगाने वाढवू नका. पसारा आवरा, आहे ते पक्के करा, संख्येपेक्षा गुणवत्तेकडे बघा. ऐकायला किती शहाणपणाचे! पण १९२९ मध्ये शाळा कोणाच्या वस्तीत पोचलेली होती आणि कोणाच्या वस्तीत अजून पोचायची होती? ज्यांच्याकडे होती, त्यांच्यासाठी 'पक्के करा'. ज्यांच्याकडे नव्हती, त्यांच्यासाठी 'थांबा'. पुढच्या दशकात प्राथमिक शाळांच्या प्रसाराला खीळ घालण्यासाठी हेच धोरण ढालीसारखे वापरले गेले.

शंभरातले अठरा हा एकच आकडा. बाबासाहेबांनी त्यातून काढले, 'जास्त खर्च करा, जे मागे आहेत त्यांना आधी द्या.' हार्टोग समितीने काढले, 'हात आखडता घ्या.' गेली शंभर वर्षे या देशातले शिक्षण या दोन वाचनांच्या मध्ये झुलते आहे.

मद्रासचे उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९५३ मध्ये राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळा अर्ध्या वेळेची केली आणि उरलेल्या वेळात मुलांनी बापाचा धंदा शिकावा असे ठरवले. कारण तेच सांगितले गेले. पैसा कमी, मुले जास्त. पेरियारांनी आणि द्रविड चळवळीने या योजनेचे खरे नाव सांगितले, कुलकल्वी, म्हणजे जातीचे शिक्षण. १९५४ मध्ये राजाजींना जावे लागले. कामराज आले आणि त्यांनी योजना मागे घेतली. शाळा गावात आणि जेवण शाळेत, हे धोरण त्यांनी राबवले. तमिळनाडू आज शिक्षणात कुठे आहे आणि आपण कुठे आहोत, याची मुळे या फरकातही आहेत.

दहा वर्षांचे वचन

संविधान सभेत २३ नोव्हेंबर १९४८ रोजी आणखी एक प्रयत्न झाला. मोफत सक्तीचे शिक्षण फक्त 'प्राथमिक'पुरते मर्यादित करावे अशी दुरुस्ती आली. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात किंवा खाणीत कामाला लावायचे नाही असे आपण दुसऱ्या कलमात म्हणतो. मग त्या वयापर्यंत ते मूल कुठल्या ना कुठल्या शाळेतच असले पाहिजे. कामावर नाही आणि शाळेतही नाही, असे मूल या संविधानाला मंजूर नाही. कलम ४५ ने त्यासाठी दहा वर्षांची मुदत दिली, म्हणजे १९६० पर्यंत. ८६ वी घटनादुरुस्ती २००२ मध्ये झाली आणि शिक्षण हक्क कायदा प्रत्यक्षात १ एप्रिल २०१० ला लागू झाला. दहा वर्षांचे वचन साठ वर्षांनी कायद्याच्या कागदावर आले.

यवतमाळसाठी मधली वर्षे उलथापालथीची होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. वऱ्हाडातल्या गावागावांतून माणसे गेली होती. त्यानंतर १८ दिवसांनी, १ नोव्हेंबरला, विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि नवबौद्धांना राज्यात सवलती मिळाल्या. केंद्राने त्या द्यायला १९९० उजाडले. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि गावोगावची प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आली. जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातले वसंतराव नाईक १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते. त्या दशकांत शाळा वस्तीपर्यंत आली हे मान्यच केले पाहिजे. दीक्षा घेतलेल्या पिढीने पोटाला चिमटा घेऊन पोरे त्याच शाळेत घातली. आज आपल्यात जे शिक्षक, परिचारिका, कारकून, वकील, प्राध्यापक दिसतात, त्यांची पहिली पाटी बहुतेक करून जिल्हा परिषदेचीच होती. म्हणून ही शाळा आपल्यासाठी निव्वळ एक सरकारी योजना नाही.

सरासरी घसरली म्हणजे काय झाले?

आता आजच्या पटाकडे या. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती. त्यात दर शंभरात सुमारे १२ अनुसूचित जातींचे आणि १८ ते १९ अनुसूचित जमातींचे. बंजारा आणि इतर भटके-विमुक्त किती, ओबीसी किती, हे जनगणना सांगतच नाही. १९३१ नंतर या जाती देशपातळीवर मोजून जाहीर केल्याच गेल्या नाहीत. जातगणनेचा आग्रह आपण का धरतो, याचे एक उत्तर गावच्या शाळेत आहे. दर हजारी प्रमाण काढायचे तर आधी हजार कोण हे माहीत हवे.

ऐपत असलेली घरे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या शाळेतून निघून गेली. पिवळी बस गावात येते आणि ज्याच्याकडे फी आहे त्याचे मूल घेऊन जाते. मग ओरड सुरू होते, 'झेडपीची गुणवत्ता घसरली.' एक साधा हिशेब करून पाहू. समजा एका शाळेत ४० मुले आहेत. २० मुलांच्या घरी शिकलेले आईबाप आहेत. त्यांची सरासरी ७० गुण. २० मुले घरातली पहिलीच शिकणारी; त्यांची सरासरी ५०. शाळेची सरासरी ६०. पहिली २० मुले कॉन्व्हेंटला गेली. उरलेल्यांवर गुरुजींनी मेहनत घेतली आणि त्यांची सरासरी ५५ झाली. आता अहवाल काय म्हणेल? शाळा ६० वरून ५५ वर घसरली! प्रत्यक्षात एकाही मुलाचा गुण कमी झाला नाही. उलट जे मागे होते ते पुढे सरकले. पण अहवालात शाळा नापास, आणि त्यामागे उभी असलेली आपली पोरे नापास.

छोट्या शाळेचे आकडे तर आणखी फसवे. दहा पटाच्या शाळेतली दोन पोरे आईसोबत कापूस वेचणीला गेली की हजेरी एकदम ८० टक्क्यांवर येते. दोनशे पटाच्या शाळेत दोन पोरांची गैरहजेरी कोणाला दिसतही नाही. वेचणीचा हंगाम शाळेच्या ऐन वर्षात येतो. जमीन नसलेल्या घरात बाई पहाटे पराटीत गेली की धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगी घरी राहते. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडते. मजुरीचा दर मात्र त्या रजिस्टरमध्ये कुठेच लिहिलेला नसतो.

आणि भाषा? कोलाम ही महाराष्ट्राच्या तीन आदिम जमातींपैकी एक. बाकीच्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा आहे, तिचा मराठीशी कुळाचा संबंध नाही. तांड्यावरचे मूल गोरमाटी बोलत शाळेत येते. ही मुले पहिलीत बसतात तेव्हा पुस्तक परकी भाषा बोलत असते. तिसरीत त्यांना मराठी उतारा वाचायला देऊन 'वाचन क्षमता कमी' असा शेरा मारणे हे मुलाचे मोजमाप नाही. जी व्यवस्था तीन वर्षांत त्याच्या भाषेतून मराठीपर्यंत पूल बांधू शकली नाही, तिचे ते मोजमाप आहे. २०१९ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीत मुलाला पुन्हा नापास करण्याची वाट मोकळी झाली. महाराष्ट्रानेही ती स्वीकारली. व्यवस्थेचा शेरा पुन्हा मुलाच्या प्रगतिपुस्तकावर आला.

हार्टोग परत आला आहे

डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचे ठरवले. २०२३ मध्ये 'समूह शाळा' हा शब्द आला. तेव्हा २० पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा मोजल्या गेल्या. त्यांत १ लाख ८५ हजार मुले आणि २९ हजारांवर शिक्षक होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये खासगी शाळांना २५ टक्के राखीव प्रवेशातून वाट काढून देणारी अधिसूचना निघाली. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर गरिबाचे मूल खासगी शाळेने घ्यायची गरज नाही! उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती रद्द केली म्हणून बरे. या निर्णयांची जोडी लावून पाहा. खासगी शाळेच्या दारात सांगायचे, 'तुमच्यासाठी सरकारी आहे ना!' आणि सरकारी शाळेच्या दारात सांगायचे, 'पट नाही, बंद करतो.'

समूह शाळेच्या बाजूचा एक युक्तिवाद मात्र प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. आपलेही काही कार्यकर्ते तो मांडतात. एका खोलीत चार वर्ग आणि एक शिक्षक, यात मूल काय शिकणार? मोठ्या शाळेत विषयाचे शिक्षक मिळतील, प्रयोगशाळा मिळेल, सोबती मिळतील. पोरांना वस्तीतच कोंडून का ठेवायचे? शाहू महाराजांनीही वेगळ्या शाळा मोडल्याच होत्या ना?

प्रश्न रास्त आहे. एका खोलीतले चार वर्ग आम्हालाही मान्य नाहीत. पण ते वर्ग एका शिक्षकावर का पडले? कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक द्यावे लागतात. पट नऊ असला तरी दोन. जागा रिकाम्या ठेवायच्या, आहेत त्या शिक्षकाला निवडणूक आणि ऑनलाइन माहितीत गुंतवायचे, आणि मग 'इथे शिकवणे होत नाही' म्हणून शाळाच उठवायची, हे आधी उपाशी ठेवून मग अशक्त ठरवण्यासारखे आहे. दुसरे म्हणजे, शाहूंनी वेगळी शाळा मोडली तेव्हा गावातल्याच मुख्य शाळेत आमचे पोर बसवले. आजच्या समूह शाळेत गावातल्या सुखवस्तू घरातले मूल येणार नाही. ते पिवळ्या बसमध्ये आधीच बसले आहे. येणार ती पोडावरची आणि तांड्यावरची पोरे, चार-पाच किलोमीटर चालून. पावसाळ्यात नाला फुगला की सहा वर्षांचे पोर घरी बसेल. आणि दहा-बारा वर्षांच्या मुलीला लांब पाठवायला आईबाप धजले नाहीत, तर तिची शाळा तिथेच संपेल. रजिस्टरमध्ये कारण पडेल, 'सतत गैरहजर'.

रजिस्टर उघडा

शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरकडे आम्ही आता वेगळ्या नजरेने बघायला सांगतो. जमीनदाराच्या घराचा इतिहास सातबाऱ्यात आणि पेरेपत्रकात लिहिलेला असतो. भूमिहीनाच्या घराचा पहिला लेखी पुरावा पुष्कळदा या रजिस्टरमधली एक ओळ असतो, ज्या दिवशी आपला आजा किंवा बाप पहिलीत दाखल झाला तो दिवस. जात पडताळणीला गेलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि आपण धावतो ते जुन्या शाळेकडे. शाळा उठली की त्या रजिस्टरचे काय होणार, हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत लेखी विचारला गेला पाहिजे.

पण हे रजिस्टर नुसता पुरावा नाही; त्यात बाबासाहेबांनी मागितलेला हिशेबही आहे. मुलाचे नाव, जात, दाखल तारीख, कोणत्या इयत्तेतून शाळा सोडली, का सोडली, हे सगळे रकाने तिथे आहेत. शाळेचा जातनिहाय पट दरवर्षी यू-डायसमध्ये भरला जातो. माहिती सरकारकडे आहे; ती एकत्र मांडून वाचणारा हवा. यवतमाळच्या आपल्या तरुणांनी गावागावात तीन आकडे काढावेत. पहिला, वस्तीतल्या ६ ते १४ वयाच्या दर शंभर मुलांपैकी किती शाळेत आहेत, वस्तीनिहाय. दुसरा, आठ वर्षांपूर्वी पहिलीत दाखल झालेल्यांपैकी किती आठवीत पोचले. मुलगे किती, मुली किती. तिसरा, मंजूर शिक्षक किती, हजर किती, आणि त्यांतल्या किती जणांना मुलांच्या घरची भाषा कळते.

हे आकडे घेऊन जायचे कुठे? शाळा व्यवस्थापन समितीत. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा आहेत. शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार तिला आहे. बऱ्याच गावांत ही समिती सहीपुरती असते. तिच्यात आपल्या आयाबहिणी बसल्या आणि हातात हे तीन आकडे असले, तर गटशिक्षणाधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागेल. मुलांची नावे मात्र कुठेही जाहीर करू नका. आपल्याला जाब मुलाला विचारायचा नाही.

फोटोला हार घालणारे पुष्कळ आहेत. १२ मार्च १९२७ ला विधिमंडळात उभा राहिलेला तो माणूस दर हजारी १८ हा आकडा हातात घेऊन उभा होता, आणि त्या अठरांना त्याने एका शब्दाने दोष दिला नव्हता. उद्या तुमच्या गावात कोणी विचारले, 'शाळेत राहिलंच कोण?', तर रजिस्टर उघडा, मोजा आणि सांगा की राहिले ते आम्ही. बाकीचे कुठे गेले, शिक्षक कुठे गेले, पैसा कुठे गेला, त्याचा हिशेब आता तुम्ही द्या.

जय भीम!